भुंग्याला सांगायचं कुणी?

"आई, मी घरी परत येऊ का?" मुलीने फोनवर विचारलं तेव्हा आईच्या तोंडात टाचण्या होत्या. पडदे शिवणं हा तिचा धंदा. समोरच्या लांब टेबलावर निळ्या कापडाचा ढीग पडला होता आणि ती त्याची एकेक चूण धरून टाचणी लावत होती. तिने टाचण्या वाटीत काढून ठेवल्या, फोन नीट कानाशी धरला आणि विचारलं, "का गं? आत्याशी वाजलं की काय?"

"नाही गं. आत्या छान आहे. चष्म्याच्या दुकानातलं कामही छान चाललंय. मला नुसतं घरी यावंसं वाटतंय."

यावर कुठलीही आई काय म्हणेल हे सांगायला नको. तिच्याही अगदी ओठांवर "ये" आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "विचार करून सांगते," ती म्हणाली. मग "बरं" असं म्हणून मुलीने फोन ठेवला आणि आई त्या निळ्या ढिगाकडे बघत बसली. आपल्या पोटच्या पोरीला आपण असं सांगितलं, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं तेव्हा त्याच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "विचार करून? अगं, ती पोरगी आहे की भाडेकरू? दीड वर्षाने लेकरू आपणहून येते म्हणतंय आणि तू विचार करणार!"

"मघाशी फोन करून रविवारी जेवायला बोलावलंय तिला," ती एवढंच म्हणाली. "तोवर मला काही विचारू नका."

आता ही मुलगी कोण आणि घर सोडून का गेली, ते आधी सांगायला हवं. घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. चार वर्षांची असल्यापासून ती शेजाऱ्यांच्या मांजराचीसुद्धा बाजू मांडायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तिच्या पाठीवर आठ वर्षांनी भाऊ झाला. तो जन्मापासून बहिरा. पळताना त्याच्या घशातून एकसारखी गुणगुण निघायची म्हणून तो भुंगा. तो बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याला पोचवायला ताई जायची आणि खिडकीशी बसून त्याच्याबरोबर तीही खुणांची भाषा शिकायची. आई-बाप म्हणाले, आपणही शिकू सावकाश. ते सावकाश काही उजाडलं नाही. कारण गरजच पडली नाही. वकीलबाई होती ना.

आणि काय तिचे हात होते! बारा-चौदा वर्षांची असताना तिला बघणारे लोक जेवण थांबवून बघत राहायचे. ती नुसते शब्द इकडून तिकडे नेत नसे. भुंग्याचा फुरंगटलेला स्वर, त्याचा आगाऊपणा, त्याची अर्धवट सोडलेली थट्टा, सगळं ती आवाजात आणायची. आईचं पुटपुटणंसुद्धा ती हातांनी पुटपुटायची. दातांच्या डॉक्टरकडे ती, शाळेच्या सभेला ती, शेजाऱ्याची काच फुटली की माफी मागायलाही तीच. घरात अशी सवयच झाली होती की भुंग्याने हात हलवले की सगळ्यांच्या माना ताईकडे वळायच्या. बोलतोय तो आणि बघतायत तिच्याकडे. असं घर दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही, पण त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आजी गेली तेव्हा मुलगी सोळा वर्षांची होती. बाप दारातच कोसळल्यासारखा बसला आणि तिला म्हणाला, "तू सांग त्याला." तिने सांगितलं. भुंगा तिच्या कमरेला मिठी मारून रडला आणि तिने स्वतःचं रडणं बाजूला ठेवून दिलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं, पण फार उशिरा.

पुढे वर्षभराने भुंग्याने बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली एक स्प्रिंग पळवून तिची गाडी बनवली. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला त्या स्प्रिंगपायी कामावर बोलणी खावी लागली होती. तो घरी येऊन सोफ्यावर बसला आणि सुटला. "सांग त्याला, गाढव आहेस म्हणावं. सांग, अक्कल गहाण ठेवलीस का म्हणावं." बराच वेळ हे चाललं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळ्या झाडणं म्हणतात ते हेच. वकीलबाईने थोडं सांगितलं, मग तिचे हात खाली आले.

"रागावता तुम्ही आणि तो बघतो माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमच्या रागाला चेहरा माझा असतो, बाबा. मला नाही जमणार आता."

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून आत्याकडे गेली. हौस फिटली की येईल, असं बाप म्हणाला. तिथे तिने चष्म्याच्या दुकानात काम धरलं, संध्याकाळचा कोर्स घेतला आणि भुंग्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत राहिली. घरी मात्र ती आली नाही.

ती गेल्यावर घराचा आवाजच बंद झाला. भुंगा हात हलवायचा, माना सवयीने वळायच्या आणि तिथे रिकामी खुर्ची असायची. महिनाभर आईने हे सोसलं आणि एका शनिवारी ती भुंग्याच्या शाळेत मोठ्या माणसांसाठी चालणाऱ्या खुणांच्या वर्गात जाऊन बसली. तिथल्या बाई स्वतः बहिऱ्या होत्या आणि वर्गात तोंडाने बोलायला सक्त मनाई होती. आईला त्याचं काही कठीण गेलं नाही. उभा जन्म तोंडात टाचण्या धरून गेला होता, गप्प राहून काम कसं करायचं हे तिला नव्याने शिकायचं नव्हतं. हात मात्र वळत नव्हते. पण ती चिकट होती. पडदे शिवताना, बसची वाट बघताना, भांडी विसळताना तिची बोटं चाललेली असायची.

आणि मग तिला एकेक गोष्ट कळू लागली. धुण्याचं यंत्र थरथरलं की भुंग्याला भीती वाटते. समोरच्यांचा कुत्रा मूर्ख आहे असं त्याचं ठाम मत आहे. बाबांच्या चालण्याची नक्कल तो कित्येक वर्षं शाळेत करून दाखवतो आणि त्यावर सगळा वर्ग लोळतो. हे तिला कुणी आणून दिलेलं नव्हतं, त्याने तिलाच सांगितलं होतं, तिच्या डोळ्यात बघून. त्या वर्षात अकरा वर्षांचा मुलगा तिला नव्याने झाला.

बाबांचं गाडं होतं तिथेच होतं. ते फोनवर लिहून मुलाला दाखवायचे. नाहीतर अंगठा वर, अंगठा खाली. एवढ्यावर त्या बापलेकांचं भागत होतं. वर्गाला चला म्हटलं की ते दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. "ही बोटं बघ. पान्यांनी कडक झालेली. यातून काय अक्षर उमटणार?"

तर असा सगळा हिशेब आईच्या डोक्यात होता, म्हणून "ये" हा शब्द अडला. मुलगी यायला हवी होती, तिच्यासाठी जीव तुटत होता. पण पोरगी घरात आली की घर पुन्हा तिच्या हातांवर बसणार, हे तिला दिसत होतं. आणि आपल्याला नव्याने मिळालेला मुलगा पुन्हा ताईच्या आड जाणार, हेही. ही दुसरी भीती तिला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटायची. पण ती होती.

रविवारी मुलगी आली. केस कापलेले, खांदे ताठ, चष्म्याच्या दुकानाने जरा ऐट आलेली. भुंग्याने दार उघडलं आणि तिला उचलायचाच प्रयत्न केला. जेवणाच्या टेबलावर अंडी होती, बटाटे होते, आणि बऱ्याच काळाने चौथी खुर्ची भरलेली होती. भुंग्याने घास तोंडात असतानाच शाळेतल्या मारामारीची हकिकत सुरू केली.

आणि झालं. मुलीने हातातला चमचा ठेवला आणि सहज, न सांगता, त्याची हकिकत आवाजात उतरवू लागली. काय सांगत होती! मार खाणारा मुलगा, मारणारा मुलगा, मध्ये पडलेल्या बाई, तिघांचे तीन आवाज. बाबा पोट धरून हसत होते. इतकं खुशीत आईने त्यांना दीड वर्षात बघितलं नव्हतं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सरळ दिसत होतं. आईसुद्धा हसत होती. मग तिच्या लक्षात आलं की हकिकत सुरू झाल्यापासून आपण भुंग्याकडे एकदाही बघितलेलं नाही. तिने वळून बघितलं. भुंगाही तिच्याकडे बघत नव्हता. तो ताईला सांगत होता आणि बाकीच्यांनी हसायचं काम करायचं होतं. मुलीच्या ताटातली अंडी गार झाली होती.

जेवण झाल्यावर बापलेक बाहेरच्या खोलीत गेले. मायलेकी भांडी घासायला उभ्या राहिल्या. आई शब्द शोधत होती. पण तिला शोधावे लागले नाहीत.

"आई, मी परत सुरू झाले ना?" मुलगी म्हणाली. तिचे हात पाण्यात होते. "मला कळलंच नाही. मी येताना ठरवून आले होते, कुणाचं काही सांगायचं नाही. पहिल्या घासाला विसरले."

आईने तिच्याकडे पाहिलं. एकोणिसाव्या वर्षी आपली चूक इतकी लख्ख दिसणं आणि ती दुसऱ्यावर न ढकलता बोलून टाकणं, हे आपल्याला चाळिशीतही जमलं नाही, असं तिला वाटलं. चूक तर तिची नव्हतीच.

"तू नाही, आम्ही सुरू झालो," आई म्हणाली. "म्हणून मी तुला लगेच ये म्हणाले नाही."

"म्हणजे येऊ नको?"

"ये. पण आत्ता नको."

मुलीच्या हनुवटीला कापरं भरलं. लहानपणी रडण्याआधी तिचं असंच व्हायचं. "मला वाटलं होतं तू मला हवीय म्हणशील."

"हवी आहेस गं. रोज हवी आहेस. तुझ्या खोलीवरून जाताना मी दार लावून घेते, ते उघडं बघवत नाही म्हणून." "पण मला मुलगी हवीय. दुभाषी नको. तू दुभाषी म्हणून आलीस तर वर्षाने पुन्हा बॅग भरशील, आणि या वेळी आत्याकडे नाही जाणार, आणखी लांब जाशील."

मुलीने एक बशी विसळली, पुसली, जागेवर ठेवली. मग नळ बंद केला. "मग कधी?"

"बाबा भुंग्याशी स्वतः बोलतील तेव्हा. तू येणार हे त्याला तूही सांगायचं नाही, मीही सांगणार नाही. बाबांनी सांगायचं. त्यांच्या हातांनी."

"बाबा?" मुलगी ओल्या डोळ्यांनी हसली. "आई, सरळ सांग ना, मी आत्याकडेच म्हातारी होऊ."

"होऊ देणार नाही."

मुलगी थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. तिला लागलं होतं, ते लपत नव्हतं. मग ती म्हणाली, "चालेल. थांबते मी." आणि जाताना आईच्या गळ्यात पडली ती लवकर सुटेना. तिला बसमध्ये बसवून परत येताना आईला वाटलं, ही पोर आपल्या पोटी आली कशी? आपण तिच्या जागी असतो तर थयथयाट केला असता.

घरी नवरा वाट बघत होता. ती सांगत गेली तसा तो ऐकत गेला, आणि ऐकता ऐकता लाल होत गेला. "म्हणजे शिक्षा मला आणि घराबाहेर राहायचं पोरीने? हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच आहे. म्हणून लवकर शिका."

"अगं, माझे हात—"

"अहो, तुमच्या हातांचं मला सांगू नका. मागच्या महिन्यात त्या उंच इमारतीत मी पडदे लावायला गेले होते. तुम्ही तिथेच लिफ्टचं काम करत होता. तुम्ही मला बघितलं नाही, पण मी तुम्हाला बघितलं. शेजारी फरशा कापायचं यंत्र चालू होतं, कानठळ्या बसत होत्या. तुम्ही लिफ्टच्या टपावर उभे आणि तुमचा जोडीदार वरच्या मजल्यावर दार उघडून वाकलेला. वर घे, हळू, थांब, डावीकडचा नट ढिला आहे, दुपारी चहा तू पाजायचा. सगळं हातांनी चाललं होतं. तो हसत होता तुमच्या विनोदावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. परक्या माणसाशी दिवसभर हातांनी बोलता आणि पोराला अंगठा दाखवता."

तो उठून आत निघून गेला, आणि आपण जास्त बोललो की काय असं तिला वाटलं. दोन दिवस त्याने धड जेवणही केलं नाही. शनिवारी ती वर्गाला निघाली तेव्हा तो चपला घालून दारात उभा होता. "चल," तो म्हणाला. "पण मला हसायचं नाही."

हसण्यासारखं मात्र भरपूर होतं. त्याच्या खुणा एवढ्या मोठ्या की शेजारच्या माणसाचा चष्मा उडाला. त्याला लिफ्टच्या शाफ्टमधली सवय, खालून वरपर्यंत दिसलं पाहिजे. बाईंनी त्याचे दोन्ही कोपर धरून त्याच्या बरगड्यांना चिकटवले आणि फळ्यावर लिहिलं, "इथे कुणी दहाव्या मजल्यावर नाही." वर्ग लोटपोट झाला. तोही हसला. पण पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्याही. सकाळी दाढी करताना आरशात बघून त्याचा सराव चालायचा, अर्ध्या गालाला फेस तसाच. जोडीदारालाही त्याने शिकवायला घेतलं. दोघे टपावर आणि वरच्या दारात खऱ्या खुणांनी गप्पा हाणू लागले. हट्टाला पेटलेला माणूस किती देखणा दिसतो हे आईला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. बारीक बोलणं त्याला येईना, घाईत चुकायचा, चुकला की कपाळावर हात मारून पहिल्यापासून सुरू करायचा. भुंगा हे सगळं बघत होता.

एका रविवारी सकाळी बाप चहा पिऊन उठला आणि भुंग्यासमोर जाऊन बसला. मुलगा जमिनीवर पालथा पडून चित्र काढत होता. बापाने जमिनीवर थाप मारली. भुंग्याने वर बघितलं. आई दुसऱ्या खोलीच्या दारात, हातात अर्धा शिवलेला पडदा, तशीच थांबली.

त्याने कोपर बरगड्यांना चिकटवले. "ताई घरी येणार आहे," तो हातांनी म्हणाला. "राहायला. कायमची." मग थांबला, हाताचे पंजे पँटला पुसले आणि आणखी म्हणाला, "मी आनंदात आहे. तिला आधी मी त्रास दिला. तुलाही. आता मी तुला स्वतः सांगेन, जे सांगायचं असेल ते."

यात दोन-तीन चुका होत्या. आईला त्या दिसल्या. भुंग्यालाही दिसल्या असणार, पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काही उमटलं नाही. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि उत्तर दिलं. भरभर, लांबलचक, अगदी त्याच्या स्वभावाप्रमाणे. आईला सगळं कळलं. बापाला निम्मंही कळलं नव्हतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. मान वळू लागली होती, दाराकडे, बायकोकडे. अर्ध्यावर ती थांबली. त्याने मान परत फिरवली आणि मुलाला म्हणाला, "पुन्हा सांग. हळू."

भुंगा उठून मांडी घालून बसला. त्याने पुन्हा सांगितलं, एकेक खूण वेगळी ठेवून, बाई नव्या माणसाला सांगतात तसं. बाप डोळे बारीक करून बघत होता आणि ओठ हलवत होता. मग त्याने मुलाला जवळ ओढलं, त्याचे केस विस्कटले, आणि डोळे पुसत दाराकडे वळला.

"अगं, ऐकलंस का," तो म्हणाला. "त्याला माहीतच होतं. पोरीने राहवेना म्हणून व्हिडिओवर केव्हाच सांगून टाकलं होतं. वर म्हणाली, माहीत आहे असं दाखवू नकोस, बाबा तुला स्वतः सांगतील. हा म्हणतो, मी रोज वाट बघत होतो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. एकदा तर मुद्दाम चित्र काढायचं थांबवून समोर बसलो, तरी तुम्ही आरशाशीच बोलत होता." बोलता बोलता त्याचे हातही चालले होते, ते त्याला कळत नव्हतं.

आईने हे सगळं आत्ताच, या दारात उभं राहून, दोनदा बघितलं होतं. तिने पडदा खुर्चीवर टाकला आणि ती त्या दोघांच्या जवळ येऊन जमिनीवर बसली.

"हो का?" ती म्हणाली. "अजून काय म्हणाला?"